गाढवाचे ओठ

माझ्या वडिलांना सिनेमा ऐकू येत नसे, दिसत असे. लालबागच्या एका गिरणीत ते साच्यावर होते. साचा म्हणजे माग. एका खात्यात शेकडो साचे एकदम धडधडायला लागले की ओरडूनही शेजारच्याला ऐकू जात नाही. मग साचेवाले एकमेकांचे ओठ वाचायला शिकतात, आणि आपले ओठ समोरच्याला वाचता यावेत म्हणून तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर चावून बोलायला लागतात. आबा घरीही तसेच बोलायचे. भाजीत मीठ कमी आहे हे सांगतानाही समोर दहा साचे चालू असल्यासारखे. चाळीतल्या पोरांना ही नकलेसाठी आयती मिळालेली शिदोरी होती, आणि सगळ्यात हुबेहूब नक्कल माझी होती. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर मी ती पहिल्यांदा केली तेव्हा आबा पुढच्याच रांगेत होते. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवत होतो. मंडपातले सगळे माझ्या तोंडाच्या आकाराला हसत होते. मी खरं काय बोललो ते एकट्या आबांना कळलं. शेजारच्या काकांच्या उधारीबद्दल होतं ते. आबा इतके हसले की काकांनी विचारलं, काय म्हणाला रे?

आमच्याकडे रेडिओ होता. मुंबई आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’ लागायचा. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. पूर्ण चाळ कान लावून बसायची. आबा आईसमोर बसायचे. आई रेडिओवरचं वाक्य ऐकायची आणि आबांकडे तोंड करून ओठांनी पुन्हा म्हणायची. तिला स्वतःलाच हसू आवरायचं नाही, त्यामुळे विनोद अर्ध्यात फुटायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. सगळी चाळ हसून गप्प झाली की दहा सेकंदांनी आमच्या खोलीतून आबांचं एकट्याचं हसू यायचं. शेजारीपाजारी त्या दुसऱ्या हशालाही हसायचे. डबिंग हा शब्द मला पुढे कितीतरी वर्षांनी कळला. पण त्यातली पहिली कलाकार म्हणजे आमची आई.

आबा मला ‘भारतमाता’त सिनेमाला न्यायचे. त्या काळात आपल्याकडे चित्रीकरणाच्या जागी ध्वनिमुद्रित होणारा आवाज फक्त खुणेपुरता असायचा. त्याला पायलट म्हणतात. खरे संवाद नंतर स्टुडिओत, पडद्यावर स्वतःला बघत बोलायचे. हे सामान्य प्रेक्षकाला माहीत नसतं, असायचं कारणही नाही. आबांनाही माहीत नव्हतं, पण दिसत होतं. मध्येच ते मोठ्यानं म्हणायचे, “ह्यो आवाज ह्येचो न्हय.” पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघायची. बहुतेक वेळा आबांचं बरोबर असायचं.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. मी चौदाव्या वर्षात होतो. त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. आबा पुन्हा साच्यावर गेले नाहीत. आधी एका दुकानात बसले, मग एका इमारतीत वॉचमन झाले, आणि धडधड थांबल्यावर कान सुधारतील असं आईला वाटत होतं ते झालं नाही.

कॉलेजात एकांकिका केल्या, आय.एन.टी.च्या स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि त्या बक्षिसाने माझं जेवढं नुकसान केलं तेवढं कुणी केलं नाही: बँकेच्या परीक्षेचा अभ्यास तिथेच सुटला. पुढची सहा वर्षं व्यावसायिक नाटकांत रिप्लेसमेंट. म्हणजे मूळ विनोदी नटाला दुसरीकडे तारीख असेल तेव्हा त्याचे कपडे घालून त्याच्याच जागा घ्यायच्या. कपडे बहुधा घामट असत, जागा मात्र सोन्याच्या. हशा कसा घ्यायचा हे मी तिथे शिकलो. प्रेक्षागृहातला हशा चढतो, टोकाला जातो, आणि उतरायला लागतो. टोकावर असताना वाक्य टाकलं तर ते बुडतं. पूर्ण उतरू दिलात तर नाटक थंड पडतं. उतरणीला लागल्यावर, साधारण अर्ध्यावर, पुढचं वाक्य टाकायचं. हे कुणी सांगून येत नाही. शिवाजी मंदिर नाट्यगृहातला हशा आणि चिपळूणचा हशा वेगवेगळ्या वेगाने उतरतो. चिपळूणला माणसं शेजाऱ्याला कोपरानं ढोसून पुन्हा हसतात.

सिनेमे मिळाले ते विनोदी सिनेमांच्या लाटेत. ‘धुमधडाका’ १९८५ला आला, ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ला, आणि त्यानंतर काही वर्षं मराठीत विनोदी सोडून दुसरा सिनेमा काढणं म्हणजे निर्मात्याला डोकं फिरल्यासारखं वाटायचं. या सगळ्या सिनेमांना हवालदार लागत. मी सतरा सिनेमे केले, त्यातल्या अकरांमध्ये हवालदार आहे. त्यातल्या चारांत मला नाव आहे. बाकीच्यांत मी ‘हवालदार २’. लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ ज्या वेगाने एकमेकांच्या तोंडचं वाक्य उचलायचे ते बघून आम्ही दोन नंबरचे हवालदार हतबुद्ध उभे असायचो, आणि दिग्दर्शकाला तेच हवं असायचं. माझ्या अभिनयाचं त्या काळात जे थोडंफार कौतुक झालं ते या हतबुद्ध चेहऱ्याचं. तो अभिनय नव्हता.

१९९१ साली अशाच एका सिनेमाच्या डबिंगला गेलो. माझी चार वाक्यं. तेव्हा लूप असायचे, खरेखुरे: फिल्मचा तेवढा तुकडा कापून त्याची दोन टोकं जोडून गोल करायचे आणि प्रोजेक्टरवर चढवायचे. तेच दृश्य फिरत फिरत पुन्हा येत राहायचं, जसं गिरणीत पट्ट्याचं चाक. तुम्ही अंधारात माइकसमोर उभे, पडद्यावर तुमचंच तोंड, कानात पायलटचा खरखराट. वाक्य बसेपर्यंत लूप फिरतो. माझं पहिलं वाक्य एकोणीस वेळा फिरलं. “साहेब, बॉम्ब नाही, पपई आहे.” एवढंच. मी पायलट ऐकून म्हणायचो आणि दर वेळी तोंड पुढे, आवाज मागे. ऐकायचं, मग बोलायचं, त्यात तेवढा वेळ जातोच. काचेपलीकडचे रेकॉर्डिस्ट मद्रासकडचे होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. विसाव्या फेरीआधी त्यांनी टॉकबॅकचं, म्हणजे काचेअलीकडे बोलण्याचं, बटण दाबलं. “तू कान से करता है. आँख से करो.”

मी हेडफोन गळ्यात उतरवला. फक्त पडद्यावरच्या हवालदाराचे ओठ बघायला लागलो. ‘बॉम्ब’ला दोनदा मिटतात, ‘पपई’ला दोनदा. ते मिटायला निघाले की आपले मिटायचे, उघडले की उघडायचे. आबांसमोर बसल्यासारखं. तिसऱ्या फेरीत बसलं. अण्णा काचेतून अंगठा दाखवत होते आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला एक गोष्ट येते, जी या इमारतीतल्या बाकीच्यांना शिकावी लागते.

प, फ, ब, भ, म. या धंद्याचं सगळं पोट या पाच अक्षरांवर चालतं. बाकीची बहुतेक अक्षरं तोंडाच्या आत होतात, प्रेक्षकाला दिसत नाहीत. त्यामुळे ‘त’च्या जागी ‘क’ घातला तर कुणाला कळत नाही. पण पडद्यावरचे ओठ मिटले आणि तुम्ही ‘आ’ म्हणालात, की काहीतरी चुकलं हे शाळकरी पोरालाही जाणवतं. परभाषेतला सिनेमा आपल्या भाषेत आणणारा लेखक म्हणून आधी अर्थाकडे बघत नाही, ओठ कुठे मिटतात त्याच्या खुणा करतो. इंग्रजीत नट ‘स्टॉप’ म्हणतो, शेवटी ओठ मिटतात. हिंदीत ‘रुको’ म्हणा, ‘रुक जाओ’ म्हणा, तोंड उघडंच राहतं. हिंदीचे लेखक तिथे काय काय करतात, मागे ‘अब’ लावतात, ‘चुप’ लावतात. मराठीत ‘थांब’. बघा आरशात म्हणून. जिभेपासून मिटलेल्या ओठांपर्यंत जसंच्या तसं. ‘नो’च्या जागी ‘नको’ असंच बसतं, शेवटचा ओकार तंतोतंत. मराठी ही डबिंगसाठी केलेली भाषा आहे असं माझं मत आहे. लोक याला अभिमान समजतात, पण मी फक्त ओठांबद्दल बोलतोय.

आमच्याच धंद्याचे चुलत भाऊ म्हणजे शब्दभ्रमकार. त्यांचं दुखणंही हीच पाच अक्षरं, पण उलट बाजूने. आम्हाला ओठ मिटतात तिथे ती आणावी लागतात; त्यांना ओठ हलवायचे नसतात म्हणून ती टाळावी लागतात किंवा जिभेने चोरावी लागतात. ‘झपाटलेला’ १९९३ला आला तेव्हा मी तो चार वेळा पाहिला. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. बाहुल्याला ओठ नाहीत, नुसता जबडा वर-खाली. म्हणजे प्रभावळकरांना ओठांच्या जाचातून सुटका होती, आणि त्या मोकळिकीचं त्यांनी काय केलं ते बघावं. पोरं रडायची आणि तरी पुढचं वाक्य हवं म्हणून कानावरचे हात काढायची. भीती आणि विनोद एकाच घशातून काढणं सोपं नाही. मी घरी करून पाहिलं. बायको म्हणाली, तू आजारी बोक्यासारखा वाटतोस. तेही पुढे कामाला आलं.

कारण त्याच सुमारास काम बदललं. १९९४मध्ये ‘जुरासिक पार्क’ हिंदीतून आला आणि डायनोसॉर हिंदी माणसांच्या मागे लागू शकतात हे धंद्याला कळलं. दूरदर्शनवर ‘मोगली’ आधीच गाजत होता. त्यातला शेरखान नाना पाटेकरांनी असा केला की आमच्या चाळीतली पोरं वाघाचं नाव नाना समजत. मग कार्टूनच्या वाहिन्या आल्या. अंधेरी, ओशिवऱ्याच्या इमारतींत फ्लॅटच्या बेडरूमला फोम लावून स्टुडिओ झाले. मला बोलावणं आलं ते ओळखीतून, आणि पहिल्याच दिवशी डबिंग डायरेक्टरबाईंनी टॉकबॅकवर सांगितलं, “काका, मराठी आ रहा है.” मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. माझा ‘च’ दाताला चिकटायचा, नुक्ते, म्हणजे अक्षराखालच्या टिंबांचे उच्चार, हरवायचे, ‘ज़मीन’ आणि ‘जमीन’ यांत मला फरक करता यायचा नाही. नायक, नायकाचा मित्र, खलनायक, खलनायकाचा वकील, सगळे हातचे गेले. उरली जनावरं. गाढवाला नुक्ता लागत नाही.

दोन वर्षं मी फक्त चार पायांचे जीव केले. कोंबडे धरले तर दोन पायांचेही. त्यातलं एक गाढव चाललं. मालिकेचं नाव सांगून उपयोग नाही, आज कुणाला आठवणार नाही. गाढव जरा घमेंडी, शिकलेलं, आणि भित्रं होतं. मी कल्याणजवळ एका वीटभट्टीवर जाऊन दिवसभर गाढवं ऐकली. गाढव ‘ही’ श्वास आत घेताना काढतं आणि ‘हॉ’ बाहेर सोडताना. आपण सगळे बोलतो ते श्वास बाहेर सोडत. मी वाक्याचा शेवटचा शब्द श्वास आत ओढत म्हणायला सुरुवात केली. “मैं डरता नहीं” एवढं बाहेर, आणि “हूँ” आत, घाबरून ओढल्यासारखं. म्हणजे शब्द एक सांगतो, श्वास त्याची फजिती करतो. लिहिताना दोन ओळी झाल्या. करताना पहिल्या आठवड्यात मला तीनदा घेरी आली.

इथे हशा नसतो, हे सांगायला हवं. जो माणूस शिवाजी मंदिरच्या हशाच्या उतरणीवर वाढला त्याला दोन जाड काचांच्या आत विनोद करायला लावणं म्हणजे पोहणाऱ्याला कोरड्या विहिरीत उतरवणं. पंखा बंद, एसी टेकपुरता बंद, कडक इस्त्रीचा शर्ट नको कारण तो सळसळतो, घड्याळ नको, खिशात किल्ल्या नकोत. पोट वाजलं तरी टेक वाया जातो. ओठांची चिकचिक माइकवर येऊ नये म्हणून हिरवं सफरचंद खायचं, आणि सफरचंदाने भूक लागते. वाक्य बसलं की नाही हे कळायचा एकच मार्ग: काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टचे खांदे. तो पडद्याकडे तोंड करून बसलेला असतो, चेहरा दिसत नाही. पण हसला तर खांदे हलतात. मी गेली तीस वर्षं खांद्यांसाठी काम करतोय. गाढवाच्या त्या ‘हूँ’ला खांदे असे हलले की त्याच्या हातून माउस पडला.

मालिका सुरू झाली तेव्हा आबांना मुद्दाम टीव्हीसमोर बसवलं. आई रेडिओच्या सवयीने त्यांच्याकडे तोंड करून बसली. मी तिला उठवलं. म्हटलं, यांना त्याचे ओठ बघू देत. अकरा मिनिटांचा भाग. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची, ती जमिनीवर लोळून हसली. आबा सरळ बसून होते. संपल्यावर म्हणाले, “गाढवाचे ओठ वाचूक येणत नाय रे.”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कार्टूनचं तोंड म्हणजे सात-आठ आकार, तेच फिरवून फिरवून लावलेले. त्यात माणसाला वाचण्यासारखं काही नसतं. हवालदार २ची चार वाक्यं आबांनी पहिल्या रांगेतून टिपली होती, आणि ज्या कामात मला खरंच काहीतरी सापडलं होतं ते त्यांच्यापुरतं मुकं होतं. मी ते दृश्य आवाज न काढता, नुसत्या ओठांनी त्यांना करून दाखवलं. श्वासाची गंमत ओठांवर दिसत नाही. ते माझं मन राखायला हसले. आबांचं खोटं हसू मी आयुष्यात त्या एकदाच पाहिलं.

या कामात नाव नसतं. मालिकेच्या शेवटी पाट्या धावतात त्या मूळ देशातल्या कलाकारांच्या, आणि त्यासुद्धा जाहिरातीसाठी अर्ध्यात कापतात. पैसे नव्वद दिवसांनी, कधी दीडशे दिवसांनी. एका स्टुडिओने तर आम्हा सहा जणांचे अख्ख्या मालिकेचे पैसे बुडवले आणि मालकाने पुढच्या दिवाळीला मिठाई पाठवली. ती खाल्ली, चांगली होती. या धंद्याचा आद्यपुरुष म्हणजे अमेरिकेतला मेल ब्लँक, १९०८चा जन्म, बग्ज बनी, डॅफी डक आणि आणखी कितीतरी जणांचा आवाज. त्या काळी तिकडेही आवाजवाल्यांचं नाव येत नसे. ब्लँकने पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही, त्याऐवजी पडद्यावर नाव मिळालं, असं तो सांगायचा. आम्ही पगारवाढ मागितली की आम्हाला दुसरा कलाकार मिळतो.

ब्लँकची आणखी एक गोष्ट आमच्यात फिरते आणि ती खरी आहे. १९६१च्या जानेवारीत लॉस एंजलिसला त्याच्या गाडीला मोठा अपघात झाला. तो बेशुद्धीत होता, कुणाच्या हाकेला ओ देईना. शेवटी डॉक्टरने त्याला नाही, बग्ज बनीला हाक मारली, आणि उत्तर आलं ते बग्जच्या आवाजात. पुढे अंगभर प्लॅस्टर असताना घरी पलंगावर पडून त्याने ‘फ्लिन्टस्टोन्स’चे भाग रेकॉर्ड केले. मला ही गोष्ट पूर्वी फार गोड वाटायची. आता वाटत नाही. माणसाच्या आत शेवटपर्यंत जागा राहतो तो त्याचा नोकरीतला आवाज, हे जरा भीतीदायकच आहे.

माझ्यावर ती पाळी २००८मध्ये आली, लहान प्रमाणावर. व्हिडिओ गेमचं काम होतं. त्याला संवाद कमी, आणि ज्याला आम्ही एफर्ट्स म्हणतो ते जास्त: भाल्याने मेला, आगीत मेला, उंचावरून पडून मेला, प्रत्येकाच्या दहा-दहा आवृत्त्या. मी चार दिवसांत काही शे वेळा मेलो. पाचव्या दिवशी सकाळी घशातून नुसती हवा आली. स्वरतंतूंवर गाठी, नोड्यूल्स. अमेरिकेत २०१६-१७ला गेममधल्या आवाजाच्या कलाकारांनी संप केला त्यात घशावरचा हा ताण एक मुद्दा होता, हे मी पुढे वाचलं. तेव्हा मला वाटलं होतं, चूक माझीच. डॉक्टरीणबाईंनी पंधरा दिवस पूर्ण मौन सांगितलं. कुजबुजही नाही, कुजबुजण्याने तंतू जास्त ताणतात. ओठ हलवलेले चालतील का, हे मी पाटीवर लिहून विचारलं. त्या म्हणाल्या, हलवा की.

ते पंधरा दिवस मी आणि आबा बोललो. आवाजाचा संबंधच नव्हता. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, तुमचं काय चाललंय, आणि आम्ही दोघं एकदम ओठांनीच म्हणायचो, काही नाही. त्यांनी मला खात्यातल्या गोष्टी सांगितल्या ज्या आवाजात कधी सांगितल्या नसत्या. मुकादम पाठमोरा असला की साचेवाले त्याच्या शिव्यांचं सामुदायिक पठण कसं करायचे, आणि एकदा त्याने खिडकीच्या काचेत ते वाचलं, कारण तोही साच्यावरूनच वर चढला होता. मुकादमाने काही केलं नाही. काचेत बघूनच, पाठमोरा उभा राहून, त्याने ओठांनीच सगळ्यांना एक भारी परतफेड केली आणि निघून गेला. ती शिवी छापण्यासारखी नाही. मी पोटभर हसलो, बिनआवाजाचा. पंधराव्या दिवशी आवाज परत आला तेव्हा आबा जरा हिरमुसले असं मला वाटलं. ते २०१४ला गेले.

इतक्यात हवा पालटली आहे. ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला शरद केळकरांचा आवाज, ‘पुष्पा’त अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदेंचा, आणि लोक आता आवाजाचं नाव विचारतात. २०१९च्या ‘लायन किंग’च्या हिंदीत टिमॉन श्रेयसचा, पुम्बा संजय मिश्रांचा, झाझू असरानींचा. नावाजलेले नट आमची कामं घेतात अशी तक्रार आमच्यात नेहमी असते. माझी नाही. रंगभूमीवरून आलेला नट माइकसमोर उभा राहिला की दोन वाक्यांत कळतं, त्याला हशाची उतरण माहीत असते. व्यायामशाळेतून आलेल्याला नसते, मग त्याचं काम रात्री आमच्यापैकीच कुणीतरी दुरुस्त करतो. मराठीतही दारं उघडतायत. २०२३चा ‘स्पायडरमॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठी होती. डब केलेल्या मालिकांनी मराठी कलाकारांचं काम जातं असं काही सहकारी म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण सत्तावीस वर्षं ‘मराठी आ रहा है’ ऐकल्यावर मला पहिल्यांदा कुणी सांगितलं, “काका, इथे मराठी जरा अजून येऊ दे,” तेव्हा मी तत्त्वाचा विचार केला नाही.

करारपत्रात आता एक नवं कलम असतं. तुमचा आवाज यंत्राला शिकवायला वापरू, कायम, सगळ्या माध्यमांत, माहीत असलेल्या आणि नसलेल्या. अमेरिकेतले नट २०२३ला ११८ दिवस संपावर होते, त्यात हेही होतं. आपल्याकडे २०२४ला मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंगच्या आवाजाच्या अशा नकलांना मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. पण अरिजित सिंगचा आवाज म्हटल्यावर न्यायालयाला कळतं कोणता. भित्र्या गाढवाचा म्हटल्यावर काय सांगणार? एका तरुण रेकॉर्डिस्टने मला यंत्राने केलेला माझा आवाज ऐकवला. मी तयारीत होतो की यात जीव नाही वगैरे म्हणायचं. तसं नव्हतं. त्याने एक फालतू विनोद सांगितला, आणि थांबला अगदी मी थांबलो असतो तिथेच. मी हसलो. गर्दीच्या लोकलमधून उतरल्यावर खिसा चाचपतो तसा नंतर बराच वेळ अस्वस्थ होतो. ज्या करारात ते कलम होतं ते मी पेनाने खोडून सही केली. काम दुसऱ्याला गेलं. संपावरून परत न गेलेल्या माणसाचा मी मुलगा आहे, तेव्हा यात शौर्य कमी आणि वळण जास्त.

अलीकडे उजव्या कानाने मला कमी ऐकू येतं. तीस वर्षं हेडफोन त्याच कानावर. डावा मोकळा ठेवायचा, स्वतःचा आवाज ऐकायला. तपासणीत वरच्या पट्टीतले सूर गेलेत असं निघालं. स्टुडिओत मी हे कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या महिन्यात एका मराठी आवृत्तीसाठी म्हाताऱ्या कासवाचं काम होतं. दुपारची वेळ, सत्तावीस लूप झालेले, अठ्ठाविसाव्यात मी दोनदा अडखळलो. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट मुलगा आपल्या मदतनीस मुलीकडे वळला. टॉकबॅकचं बटण दाबलेलं नव्हतं. “काका दमलेत. आज सोडूया, उद्या घेऊ.” सगळं स्पष्ट. ‘दमलेत’चा ‘म’ तर काय सुरेख मिटला.

“काका दमलेले नाहीत,” मी माइकवर म्हणालो. “लाव.”

त्याने आधी बटणाकडे पाहिलं, मग वायरींकडे, मग मुलीकडे. लूप लावला. त्या दिवसापासून मी बूथमध्ये असलो की तो तोंडावर हात धरून बोलतो.